गोदीतून पडद्यावर

अण्णा नगरचा मनोरा व्यापाराच्या कौतुकापोटी उभा राहिला. 1968 साली मद्रासमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरला, त्यासाठी शहराच्या पश्चिमेला 135 फुटांचा विश्वेश्वरय्या मनोरा बांधला गेला. मेळा उठला, गृहनिर्माण मंडळाने आसपास काटकोनात रस्ते आखून वसाहत वसवली आणि तिला मुख्यमंत्री अण्णादुराईंचे नाव मिळाले. आज मनोऱ्याच्या नावाचे मेट्रो स्थानक आहे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत स्पर्धा परीक्षांची पोरे लॅपटॉप उघडून बसलेली असतात. व्यापार खुला असण्याची ही खूण. तो अडवला की तारांतून जाणाऱ्या शब्दांचे काय होते, याची गोष्टही गेली चाळीस वर्षे या शहराला वळसे घालत चालली आहे.

तिची सुरुवात आयआयटी मद्रासच्या आवारात सापडते. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे पहिले खांब. आधी साध्या टेलिफोनवर मोडेम लावून ईमेलचे गठ्ठे इकडून तिकडे जात. 1989 मध्ये जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला 9.6 किलोबिटची लाइन मिळाली.

ईमेल अमेरिकेला पोचत होती, पण अमेरिकेचे यंत्र इकडे येत नव्हते. विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक नाकारला गेला. त्यावर अण्वस्त्रांची गणिते मांडाल, ही शंका. हवामानाच्या अंदाजासाठी तेवढा कमी ताकदीचा क्रे दिल्लीला मिळाला. त्या नकारातून 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक सुरू झाले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिथे प्रमुख होते. अडवलेल्या यंत्राची नक्कल करत बसण्याऐवजी त्यांच्या चमूने ट्रान्सप्युटर नावाचे ब्रिटिश प्रोसेसर बाजारातून आणले, अनेकांना एकाच वेळी कामाला जुंपले आणि 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा केला.

तेव्हाचा निर्बंध हा असा होता. तो गोदीत भेटायचा. माल यायचा नाही, आणि एकदा आलेला माल मात्र तुमचा असायचा.

मे 1998 मधल्या पोखरणच्या स्फोटांनंतर क्लिंटन सरकारने निर्बंध लादले आणि नोव्हेंबरात भारतीय संस्थांची लांबलचक यादी जाहीर केली. तिच्यात ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र होते आणि चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेले कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रही. अमेरिकी बनावटीचा साधा संगणक घ्यायचा तरी परवान्याची वाट पाहणे आले. गंमत अशी, की त्याच सुमारास चेन्नईच्या सत्यम इन्फोवेने ‘सत्यम ऑनलाइन’ ही देशातली पहिली मोठी खासगी इंटरनेट सेवा सुरू केली. ऑक्टोबर 1999 मध्ये, निर्बंध पुरते उठलेले नसताना, हीच कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर झळकली. पुढच्याच महिन्यात तिने मुंबईच्या राजेश जैन यांचे ‘इंडियावर्ल्ड’ 499 कोटींना घेतल्याची बातमी आली. प्रयोगशाळेच्या दाराला कडी होती, ब्राउझिंग सेंटरचे दार सताड उघडे होते.

एक कडी मात्र सामान्य माणसाच्या पडद्यावरही होती. अमेरिका मजबूत कूटलेखन शस्त्रासारखे मोजायची. त्यामुळे परदेशासाठीच्या ब्राउझरमध्ये 128 ऐवजी 40 बिटांचे कुलूप असायचे. असे एक कुलूप 1995 मध्ये फ्रान्समधल्या एका संशोधकाने सव्वाशेच्या आसपास संगणक जुंपून आठ दिवसांत उघडून दाखवले होते. आपल्या सरकारनेही इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यात 40 बिटांचीच मर्यादा घातली होती, कारण त्याला स्वतःलाही आत डोकवायचे होते. जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेने आपले नियम सैल केले.

2001 च्या सप्टेंबरात बुश सरकारने भारतावरचे बहुतेक निर्बंध उठवले. पुढच्या दोन दशकांत चेन्नई समुद्रतळाच्या केबलींचे मोठे बंदर झाले आणि व्यापारयुद्ध तिथेही उतरले. सिंगापूरहून फ्रान्सपर्यंत जाणारी ‘सी-मी-वी 6’ ही केबल टाकण्यासाठी चीनच्या एचएमएन टेकची बोली कमी होती. वॉशिंग्टनने दबाव आणला, डिसेंबर 2021 मध्ये कंपनीला निर्बंधांच्या यादीत टाकले आणि काम अमेरिकेच्या सबकॉमकडे गेले. दोन चिनी दूरसंचार कंपन्या केबल टाकणाऱ्या गटातून बाहेर पडल्या. डिसेंबर 2024 मध्ये एअरटेलने हीच केबल चेन्नईच्या किनाऱ्यावर आणली. तिच्यावरून व्हिडिओ पाहणाऱ्याला या ओढाताणीचा पत्ताही नसतो.

दरम्यान माल बदलला होता. सॉफ्टवेअर आता खोक्यातून येत नव्हते, महिन्याच्या भाड्याने मिळत होते. 2019 मध्ये गिटहबने अमेरिकी निर्बंधांकडे बोट दाखवत इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रामरांचे खासगी कोडसाठे बंद केले, तेव्हा भाडेकरूची अवस्था जगाला दिसली. भारतात ती दिसायला 2025 उजाडावे लागले.

त्या वर्षीच्या जानेवारीत ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमची नावे अमेरिकेच्या यादीतून अखेर निघाली. सहा महिन्यांनी, 18 जुलैला, युरोपीय संघाने रशियावरच्या अठराव्या निर्बंधसंचात मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीला गोवले. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा 49.13 टक्के हिस्सा आहे. गुजरातेतल्या वाडीनारचा शुद्धीकरण कारखाना आणि देशभरचे हजारो पेट्रोल पंप चालवणाऱ्या या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे आउटलुक आणि टीम्स 22 जुलैला मायक्रोसॉफ्टने बंद केले. पैसे भरलेले, परवाने वैध, पण पेटी उघडेना. भारताचा किंवा अमेरिकेचा कोणताही कायदा हे करायला सांगत नाही, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तात्पुरता आसरा दिला तो मुंबईच्याच रेडिफने. ज्या रेडिफमेलवर एका पिढीने पहिले ईमेल खाते उघडले, ती सेवा अशी अवचित कामाला आली.

ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले आणि ‘उद्या सगळ्यांचीच पेटी बंद झाली तर?’ हा प्रश्न मंत्रालयांत पोचला. उत्तर पुन्हा चेन्नईतून आले. श्रीधर वेंबूंच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीकडे केंद्राच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांची ईमेल गेली होती. सप्टेंबरात ‘अरट्टै’ हे त्यांचे 2021 पासून कोपऱ्यात पडून असलेले ॲप एकदम उसळले. रोज 3 हजारांच्या जागी साडेतीन लाख नवे लोक येत असल्याचे वेंबूंनी सांगितले. ‘अरट्टै’ म्हणजे तमिळमध्ये गप्पा. पण तेव्हा त्यातल्या लेखी गप्पांना व्हॉट्सॲपसारखे टोकापासून टोकापर्यंतचे कुलूप नव्हते. तमिळ बोलता न येणाऱ्या उत्तरेकडच्या लोकांनी तो शब्द उच्चारता उच्चारता ॲप उतरवून घेतले, मात्र व्हॉट्सॲप काढून टाकले नाही.

नायराच्या दाव्यात न्यायालय काय म्हणते, याची उत्सुकता होती. परक्या कायद्यावर बोट ठेवून भारतातल्या गिऱ्हाइकाची सेवा तोडता येते का, एवढाच मुद्दा होता. 30 जुलैला, सुनावणीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली. नायराने दावा मागे घेतला आणि निकाल लागलाच नाही.