शिकाऱ्याची रजा



शिकारीच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचल्या असतील. त्यांत वाघ असतो, बंदूक असते, मचाण असतें, काळोखी रात्र असते. एक वस्तु मात्र बहुधा नसते, आणि ती म्हणजे शिकाऱ्याची नोकरी. जणूं काय ही सारी मंडळी रानांतच राहत होती आणि त्यांना सोमवारीं सकाळीं कोठें हजर व्हावयाचें नव्हतें! वास्तविक पाहतां, ज्यांचीं नांवें शिकारीच्या इतिहासांत राहिलीं त्यांतील बरेचसे लोक आपल्यासारखेच कामाला बांधलेले होते. कोणी रेल्वेंत, कोणी कचेरींत, कोणी पलटणींत. त्यांनाहि रजा मागावी लागे, ती मंजूर व्हावी लागे, आणि संपली म्हणजे मुकाट्यानें कामावर रुजू व्हावें लागे.

आज मी बोलणार आहें तें ह्या रजेविषयीं. आपल्या देशांत वाघाच्या शिकारीचें युग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संपलें. तेव्हां कोणी बंदूक उचलावी म्हणून हें भाषण नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. परंतु मोजक्या दिवसांत धोक्याचें काम कसें बसवावें, हा त्या लोकांपुढील प्रश्न अजून जुना झालेला नाहीं. आणि त्याचें उत्तर चुकलें तर त्याची किंमत चुकणाऱ्याला क्वचितच द्यावी लागते. ती बहुधा दुसरेच देतात.

उदाहरण जिम कॉर्बेट यांचें घेऊं. त्यांचा जन्म १८७५ सालीं नैनीतालचा. ऐन तारुण्यांत ते रेल्वेच्या कामावर गेले आणि पुढें बिहारांत गंगेच्या कांठीं मोकामा घाट येथें माल चढविण्या-उतरविण्याचा ठेका त्यांनीं घेतला. तेथें वीस वर्षांच्यावर त्यांचें आयुष्य गेलें. हें काम कसलें, तें थोडें समजून घ्या. नदीच्या दोन बाजूंच्या रेल्वेमार्गांची रुंदी सारखी नव्हती. त्यामुळें एका मार्गाच्या डब्यांतील पोतें न् पोतें उतरवून तें दुसऱ्या मार्गाच्या डब्यांत भरावें लागे, आणि तेंहि माणसांच्या डोक्यावरून. हें काम एक दिवस तुंबलें कीं दोन्हीकडे माल अडकून पडावयाचा. अशा माणसाला रजा किती दुर्मिळ, हें सांगावयास नको. शिवाय घाटापासून कुमाऊंचे डोंगर कांहीं हाकेच्या अंतरावर नव्हते. काठगोदामपर्यंत आगगाडीचा लांबचा प्रवास, आणि तेथून पुढें डोंगरांतील पायवाटा.

ह्या माणसास १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारण्याची विनंती झाली. कॉर्बेट यांनीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें तिनें नेपाळांत आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसें मारलीं होतीं. कॉर्बेट यांनीं होकार दिला, पण दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेलें बक्षीस रद्द करावें, ही एक. आणि तिच्या मागावर असलेले इतर शिकारी व शिपाई माघारी बोलवावे, ही दुसरी. बक्षिसासाठीं शिकार करणारा म्हणवून घेणें त्यांना नको होतें, आणि चुकून कोणाची गोळी आपल्यास लागावी हेंहि नको होतें. परंतु मला त्या अटींत आणखी एक शहाणपण दिसतें. ज्याच्याजवळ दिवस थोडे आहेत त्यानें पहिल्यानें रान मोकळें करून घेतलें पाहिजे. दहा बंदुकींनीं बिथरलेलें जनावर एका माणसाच्या थोडक्या रजेंत हातीं लागत नसतें.

वाघीण मेली तेव्हां तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. वरचा अर्धा गेलेला, आणि खालचा थेट हाडापर्यंत. हा परिणाम पूर्वीं केव्हांतरी लागलेल्या गोळीचा होता. ह्या इजेमुळें तिला आपलें नैसर्गिक भक्ष्य मारतां येईना आणि ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष. ती गोळी कोणी झाडली तें कोणासहि ठाऊक नाहीं. कदाचित् नेम चुकला म्हणून तो मनुष्य हळहळला असेल. कदाचित् जनावर पळालें, आपण वांचलों, असें म्हणून घरीं जाऊन स्वस्थ झोंपला असेल. त्या एका अर्धवट शिकारीचा हिशेब मात्र पुढें ४३६ घरांनीं चुकता केला.

सर्वच नरभक्षक शिकाऱ्यांच्या चुकींतून निर्माण होत, असें मात्र नाहीं. मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशीं झालेल्या झटापटींत एक डोळा गमावून आणि अंगांत कांटे घेऊन लंगडी झाली होती. तरी निष्काळजीपणें झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा शेवटपर्यंत न घेतलेला माग, हें नरभक्षक होण्याचें एक कारण म्हणून कॉर्बेट यांनीं १९४४ सालीं मुंबईस छापलेल्या आपल्या पहिल्या प्रसिद्ध पुस्तकाच्या आरंभींच नमूद केलें आहे.

आतां आपण पंधरा दिवसांच्या रजेचा हिशेब मांडून पाहूं. जुन्या काळीं मध्यप्रांतांत जंगलाचे गट पाडलेले असत आणि ते परवान्यावर ठराविक मुदतीसाठीं मिळत. हंगाम दोन. नाताळच्या सुमारास हवा सुखाची, प्रवास सोपा आणि कचेऱ्यांना सुट्ट्या. परंतु रान दाट आणि पाणी जागोजाग, म्हणून वाघ कोठेंहि असावयाचा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य. परंतु पानें झडलेलीं आणि पाणवठे आटून मोजकेच उरलेले, म्हणून वाघाचा ठावठिकाणा लवकर लागावयाचा. कोर्टाची उन्हाळी सुट्टी नेमकी ह्याच दिवसांत येई, हें वकीलमंडळींचें भाग्यच म्हणावयाचें!

पंधरा दिवसांपैकीं जाण्याचे दोन आणि येण्याचे दोन वजा करा, राहिले अकरा. तळ ठोकणें, गांवकऱ्यांकडून खबर घेणें, नाल्यांतले ठसे पाहणें आणि आमिषासाठीं रेडे बांधणें ह्यांत एक दिवस गेला, राहिले दहा. आतां वाघाचें वेळापत्रक पाहूं. तो सरासरीनें आठवड्याकाठीं एक मोठें जनावर मारतो, वर्षाकाठीं सुमारें ५०. त्याचा मुलूखहि मोठा. आज ह्या नाल्यांत फिरला तर पुन्हां तेथें केव्हां येईल, हें तोच जाणे. म्हणजे ह्या दहा दिवसांत आपल्या वांट्यास खरी संधि एकच येणार, फार तर दोन. ती कोणत्या दिवशीं यावी, हें आपल्या रजेच्या अर्जावर लिहिलेलें नसतें.

आणि नेमका येथेंच घात होतो. आठ दिवस रेडे जसेच्या तसे उभे राहतात; नवव्या रात्रीं एक मारला जातो. दहाव्या संध्याकाळीं शिकारी मचाणावर चढतो. दुसऱ्या दिवशीं निघावयाचें आहे, सामान बांधून तयार आहे, घरीं वाघाचें कातडें आणण्याचें सांगून ठेवलें आहे. दिवेलागणीस पट्टे हलतात. उजेड पुरेसा नाहीं, खांदा नीट दिसत नाहीं. पहिल्या दिवशीं ह्याच मनुष्यानें बंदूक खालीं ठेवली असती. आज मात्र तो चाप ओढतो, कारण उद्यां नाहीं! वाघ डरकाळी फोडून झुडुपांत जातो. आतां काय करावें? जखमी वाघाच्या मागें अंधारांत जाणें म्हणजे मरण ओढवून घेणें. सकाळीं उजाडल्यावर, जाणते वाटाडे बरोबर घेऊन, प्रसंगीं म्हशींचा कळप पुढें घालून, पावलापावलानें त्याचा माग काढावा लागतो. आणि ह्या कामास एक दिवस लागेल कीं तीन, हें सांगतां येत नाहीं. गाडी तर सकाळचीच आहे. शिकारी गाडीनें जातो. वाघ तेथेंच राहतो, आणि त्या रानांत मोह वेंचावयास जाणाऱ्या बायका आणि गुरें चारणारीं पोरेंहि तेथेंच राहतात.

म्हणून रजेचा हिशेब पुढून नव्हे, तर शेवटाकडून मांडला पाहिजे. घरीं पोंचण्याच्या दिवसापासून मागें मोजत यावें. प्रवासाचे दिवस सोडल्यावर त्यांच्या अलीकडचे तीन दिवस जखमी जनावराच्या नांवानें राखून ठेवावे. त्या तीन दिवसांत पहिली गोळी झाडूं नये, मग समोर कितीहि मोठा वाघ येवो. आपल्या दहा दिवसांचे अशानें सातच उरतात, म्हणजे वाघाचा जेमतेम एक आठवडा. ज्याची रजा पांचच दिवसांची आहे त्यानें ह्या हिशेबानें बंदूक न्यावीच कशाला? त्यानें रान पाहावें, वाटाड्यांशीं ओळख करून घ्यावी, पाणवठे टिपून ठेवावे आणि पुढल्या वर्षाच्या रजेची तयारी करावी. एका सफरीचे दोन भाग करणें ह्यांत कमीपणा नाहीं.

कॉर्बेट यांच्यावरहि तो प्रसंग आला होता. पनारच्या बिबट्यानें, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणें, ४०० माणसें मारलीं होतीं. एप्रिल १९१० मध्यें ते त्याच्या मागावर गेले, आणि हातीं कांहीं न लागतां त्यांना परतावें लागलें. पुन्हां सवड मिळाली ती त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत. मधले महिने त्या डोंगरांतील लोकांनीं कसे काढले असतील, ह्याची कल्पनाच करावी. तरीहि मला वाटतें, एप्रिलांत घाईनें बिबट्यास जखमी करून परतण्यापेक्षां रिकाम्या हातानें परतणें हेंच त्या लोकांच्या हिताचें होतें. सप्टेंबरांत बकरा बांधून ते एका झाडावर बसले. रात्रीं बिबट्या आला, गोळी लागली, पण तो मेला नाहीं. तेव्हां गांवकऱ्यांनीं चिडाच्या लांकडाच्या मशाली पेटविल्या आणि सगळे मिळून त्याच्या शोधास निघाले. बिबट्यानें हल्ला करतांच लोक मशाली टाकून पळाले, आणि जमिनीवर पडलेल्या त्या मशालींच्या उजेडांत कॉर्बेट यांनीं त्यास ठार केलें. रात्रींच जाणें शहाणपणाचें होतें, असें मी म्हणत नाहीं. परंतु जखमी जनावर पाठीमागें ठेवून त्यांनीं डोंगर उतरला नाहीं, एवढें खरें.

दुसरी गोष्ट मागें ठेवलेल्या कामाची. ज्याच्यावांचून कचेरीचें पान हलत नाहीं, त्याचें अर्धें चित्त रानांतहि कचेरींतच असतें, आणि असा मनुष्य मचाणावर बसूंच नये. मोकामा घाटावर कॉर्बेट यांनीं मजुरांच्या टोळ्या आणि त्यांचे मुकादम ह्यांना फार विश्वासानें वागविलें. कोळशाच्या टोळीचा मुकादम चमारी आणि स्टेशनमास्तर रामशरण ह्यांच्याविषयीं त्यांनीं पुढें मोठ्या प्रेमानें लिहिलें आहे. ज्याला माणसें जोडतां येतात त्याला रजाहि साधते, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

असो. तो काळ गेला. उत्तरायुष्यांत खुद्द कॉर्बेटहि बंदुकीपेक्षां कॅमेऱ्याकडे अधिक वळले, आणि १९३६ सालीं स्थापन झालेल्या आपल्या देशांतील पहिल्या राष्ट्रीय उद्यानास आज त्यांचेंच नांव आहे. माणसांच्या जिवास धोका झालेल्या जनावरासंबंधानें निर्णय घेण्याचा अधिकार आतां कायद्यानें सरकारी अधिकाऱ्याकडे आहे. तेथेंहि वेळेचा नियम बदललेला नाहीं. २०१८ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवड्याच्या बाजूस एका वाघिणीचा शोध कित्येक आठवडे चालला होता. रान माणसाचें घड्याळ पाहत नाहीं.

आपणांपैकीं कोणी येत्या सुट्टींत ताडोब्यास जाणार असतील. शेवटच्या फेरींत, वाघ अजून दिसला नाहीं म्हणून, गाडीवानास ‘आणखी थोडें जवळ घे’ असें सांगण्याचा मोह होईल. त्या क्षणीं मचाणावरचा तो घाईचा शिकारी आठवावा. आपली रजा संपत आली, हा वाघाचा अपराध नव्हे. दिवस संपले असतील तर रिकाम्या हातानें परत यावें; रान पुढल्या वर्षींहि तेथेंच असेल, आणि तें तसें राहावें हेंहि थोडेंबहुत आपल्याच हातीं आहे.