माठ पाझरतो का, ते आधी बघा

संग्रहालयाच्या नोंदीत ‘पाण्याचा माठ’ लिहिलंय म्हणून तुम्हीही तेच उतरवून घेता का? जरा थांबा.

नायजेरियातल्या लाडी क्वाली घ्या. (२० नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला दिसतात त्याच.) ग्वारी समाजातल्या या बाई चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचत, भांड्याभोवती स्वतः फिरून माठ घडवायच्या. ओल्या अंगावर सरडे, साप, विंचू कोरायच्या. गावात असे माठ उघड्यावर, गवत-लाकडाच्या जाळात भाजत. भाजणी कमी, म्हणून माती सच्छिद्र राहते. पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं गार पडतं. आपल्या माठासारखंच.

१९५४ साली त्या मायकेल कार्ड्यू यांच्या अबुजातल्या केंद्रात आल्या. हात तेच, नक्षी तीच. पण आता भांड्यांवर काचेसारखा लेप चढू लागला आणि भट्टी १२०० अंशांच्या वर जाऊ लागली. असं भांडं पाझरत नाही, म्हणजे पाणी गारही करत नाही. आकार माठाचा, काम शोभेचं!

मी सुरुवातीला फोटो बघून दोन्ही एकाच रकान्यात टाकले होते. गाईडनी एवढंच विचारलं, “लेप आहे की नाही, कुठे लिहिलंस?” सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. आता नक्षीच्या आधी दोन रकाने असतात: लेप आणि भाजणी.