संधिवात आणि शरीराचा तोल

ज्याचे गुडघे झिजले आहेत त्यास दुखण्याइतकेंच भय पडण्याचें असतें. त्या भयानें तो बसून राहतो, आणि बसून राहिल्यामुळें पडण्याचा संभव अधिकच वाढतो.

आपला पाय कोठें आहे हें कळण्यास खालीं पाहावें लागत नाहीं. स्नायु, स्नायुबंध आणि सांधे यांमध्यें ज्ञानतंतूंचीं सूक्ष्म टोकें असतात. तीं मेंदूस क्षणोक्षणीं वर्दी देतात. या जाणिवेस शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं स्वतंत्र नांव दिलें. सांधा झिजला कीं ही वर्दी अंधुक होते. शिवाय मांडीचा पुढचा स्नायु रोडावतो. म्हणजे वर्दीहि अपुरी आणि हुकूम बजावणारा शिपाईहि दुबळा! दिवसा डोळे ही उणीव भरून काढतात. मोरींत तोंडास साबण लावून डोळे मिटले, किंवा रात्रीं अंधारांत उठलें, म्हणजे ती उघडी पडते.

औषधानें वेदना कमी होईल; तोल अभ्यासानेंच सुधारतो. स्वयंपाकघरांतील ओट्याशीं, कोरड्या फरशीवर, दोन्ही हात टेकून उभें राहावें. प्रथम पावलें जुळवावीं. मग एका पावलाची टांच दुसऱ्याच्या बोटांस लावावी. तें साधलें कीं दहा अंक मोजून होईपर्यंत एका पायावर उभें राहावें. (शाळेंत ज्यास शिक्षा म्हणत तेंच म्हातारपणीं औषध ठरतें.) आधार हळूहळू दोन बोटांवर आणावा, पण ओटा हाताच्या टप्प्यांत असावाच. पुढें ओट्याच्या कडेनें टांचेपुढें टांच ठेवीत चालावें. वृक्षासन करणारांनीं तळपाय दुसऱ्या गुडघ्यावर दाबूं नये, पोटरीवर ठेवावा.

चीनमधील ताइ ची या पद्धतींत शरीराचा भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेतात. अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेंत गुडघा व खुबा यांच्या झिजेसाठीं तिची जोरदार शिफारस आहे. निव्वळ तोलाच्या व्यायामांची शिफारस त्याहून सौम्य आहे. झिजलेली कूर्चा यांपैकीं कशानेंहि परत येत नाहीं.

सांधा लाल, उष्ण व सुजलेला असेल त्या दिवशीं अभ्यासास सुट्टी द्यावी. व्यायामानंतरचें दुखणें दुसऱ्या दिवशींहि टिकलें तर प्रमाण कमी करावें. चक्कर येत असेल, किंवा गेल्या वर्षांत एकदां जरी पडणें झालें असेल, तर अगोदर डॉक्टरांस विचारावें.