सीटचा दांडा, पत्र्याचं पॅकिंग आणि ‘बसणं’ म्हणजे काय?

‘संयोग’ या वैशेषिक कल्पनेबद्दल आज आपण बोलणार आहोत. कल्पना जुनी आहे, उदाहरण मात्र सायकलचं घेऊ.

आता बघा. एका सायकलच्या फ्रेममधल्या उभ्या नळीचं आतलं माप २७.२ मिलिमीटर आहे. आपल्याकडे सीटचा दांडा आहे तो २६.८ चा. दांडा नळीत जातो, पण क्लॅम्प कितीही आवळला तरी चालवताना सीट हळूहळू खाली जाते, नाहीतर डावीउजवीकडे फिरते. असे दांडे बऱ्याच मापांचे निघालेले आहेत, काही मापांत तर जेमतेम ०.२ मिलिमीटरचा फरक. त्यामुळे नेमकं हवं तेच माप दुकानात मिळेल याची खात्री नसते.

मग दोष कोणाचा? दांडा मोजला तर तो त्याच्या मापात बरोबर आहे. नळीही तिच्या मापात बरोबर आहे. तरी सायकल चालवण्याजोगी नाही! वैशेषिक दर्शनात गुणांची जी यादी आहे, तिच्यात रूप, रस, गंध यांच्यासोबत संयोगही येतो. पण एक फरक आहे. एका फळाचा रंग त्या फळात असतो. संयोग मात्र एकट्या वस्तूत राहूच शकत नाही, तो दोन वस्तूंत मिळून राहतो. ‘बसणं’ आणि ‘सैल असणं’ हे असंच आहे. दांडा एकटा हातात घेऊन दिवसभर न्याहाळला, तरी त्यात सैलपणा सापडणार नाही.

याचा व्यवहारात उपयोग काय? उपयोग हा, की मोजायची ती मधली फट. व्यासांतला फरक ०.४, फट दोन्ही बाजूंना वाटली जाते, म्हणजे एका बाजूला ०.२ मिलिमीटर. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा बाजूला साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे दोन थर पुरे. मेकॅनिक ज्याला पॅकिंग म्हणतात, ते हेच.

दांड्याचा घेर २६.८ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ८४ मिलिमीटर. पट्टी ८२ रुंद कापायची, म्हणजे गुंडाळल्यावर उभी चीर राहते. लांबी आठ-नऊ सेंटिमीटर ठेवायची. नुसती क्लॅम्पखाली बोटभर पट्टी घातली तर दांडा खालून हलत राहतो. अशा दोन पट्ट्या एकावर एक. दोन्हींची चीर फ्रेमच्या चिरेसमोर आली पाहिजे, नाहीतर क्लॅम्प आवळला तरी पकड नीट येत नाही. वरची कड थोडी बाहेर दुमडली की पॅकिंग नळीत घसरत नाही. कापलेल्या पत्र्याची धार बोट कापते बरं का, म्हणून कडा पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या. ग्रीसचा पातळ हात द्यायचा. लोखंडी नळीत ॲल्युमिनियम पाण्याने धरून बसतं, मग दांडा निघता निघत नाही. शेवटी दांड्यावर पेन्सिलची खूण करायची, चार-पाच किलोमीटर चालवायचं आणि खूण सरकली का ते बघायचं.

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात असाच एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल झालंय. निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून लावू या म्हणतो. मित्र दुखावतो: इतक्या भारी गाडीला डब्याचा तुकडा? पर्सिग यांनी काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, हेही इथे आठवतं. मित्र त्या तुकड्याची जात बघत होता, तो कुठून आला ते. निवेदक त्याचं काम बघत होता. पत्रा मऊ आहे, फटीत दाबला जातो, गंजून जात नाही. फटीला एवढंच हवं असतं.

पण म्हणून घरचा जुगाड कुठेही चालतो, असं आम्ही म्हणत नाही. इथे एक प्रश्न विचारायचा: हा भाग निकामी झाला तर काय होईल? सीट खाली सरकली तर आपण थांबू, पाना काढू. पण हँडल, पुढचा चिमटा किंवा ब्रेक सुटला तर माणूस पडेल, कदाचित मागून येणाऱ्या गाडीखाली. तिथे योग्य मापाचाच भाग हवा. कार्बनच्या फ्रेमला हा उपाय नाही. फट दोन मिलिमीटर असेल तर वीस थर गुंडाळायचे नाहीत. थर एकमेकांवर सरकतात, तिथे तयार अखंड नळीच लागते. आणि दांड्यावर किमान खोलीची रेघ असते, ती नळीच्या आत गेलेलीच हवी. पॅकिंग फट भरतं, दांड्याची कमी लांबी भरून काढत नाही.

धडधाकट सायकली ‘पार्ट मिळत नाही’ एवढ्या एका वाक्यावर भंगारात जातात. त्या वाक्यात आपण गृहीत धरतो की वस्तूत काहीतरी कमी आहे. कमी असते ती दोन वस्तूंच्या मध्ये, आणि पुष्कळदा ती ०.२ मिलिमीटरचीच असते. आधी ती मोजावी, ती कुठे आहे ते बघावं, आणि मगच सायकल भंगारवाल्याला द्यायची की कात्री शोधायची ते ठरवावं.