उंच पावलाला डर्बीच घ्या

पावलाचा वरचा उंचवटा जास्त असेल, तर ऑक्सफर्ड बुटाच्या नाड्या कितीही आवळल्या तरी दोन्ही पाळ्या ‘व्ही’सारख्या फाकलेल्याच राहतात. अशा वेळी एक नंबर मोठा जोड घेणं चूक. त्याने लांबी वाढते, टाच आत सरकत राहते आणि बूट भलत्याच जागी दुमडतो. पाय मोजायचं ब्रॅनॉक यंत्रसुद्धा लांबी-रुंदी सांगतं, उंचवटा नाही. खरी मेख शिवणीत आहे. ऑक्सफर्डच्या पाळ्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या, म्हणून बंदिस्त. डर्बीच्या वरून शिवलेल्या, म्हणून मोकळ्या उघडतात. डर्बी कमी औपचारिक मानला जातो, हे मान्य. पण काळा, बिननक्षीचा डर्बी सुटावर शोभतो, फाकलेला ऑक्सफर्ड नाही. संध्याकाळी पाय किंचित फुगलेले असतात, तेव्हा मोजे घालून दोन्ही बूट बांधून बघा.