हात चुकला की अंदाज?

कॉम्बो पाठ झाले की फायटिंग गेम जिंकता येतो, असं मला वाटायचं. मग २००४ च्या 'इव्हो' स्पर्धेतला 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'चा सामना पाहिला. दाइगो उमेहाराच्या केनचा जीव जेमतेम उरलेला. सुपर नुसता ब्लॉक केला तरी खेळ खलास! जस्टिन वाँगच्या चुन-लीने सुपर सोडला. दाइगोने १५ फटके पॅरी केले, म्हणजे प्रत्येक फटक्याला नेमक्या क्षणी स्टिक पुढे ढकलली, आणि उलट मारून जिंकला. हे हातांचं कसब. पण सुपर दिसल्यावर पहिल्या पॅरीला वेळ जवळजवळ नसतोच. वाँगचा मोह आधीच ओळखावा लागतो. म्हणून आता हरलो की मी स्वतःला विचारतो: हात चुकला की अंदाज? सराव त्याचाच करतो.