छापण्याआधी डमी वाचून बघा

स्वखर्चाने बालपुस्तक काढताय? आधी साध्या कागदावर प्रिंट काढा, दुमडून मधोमध पिना मारा आणि डमी करा. पिनांच्या बांधणीत पानांची संख्या चारच्या पटीत लागते. पान उलटण्याआधीच गंमत फुटते का, हेही डमीतच कळतं. डमी लेखकाने स्वतः वाचून दाखवू नये. दुसऱ्या कुणाला तरी थेट मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल ते वाक्य बदला. ऐकणारी मुलं शक्यतो घरची नकोत. ‘आवडलं का?’ हा प्रश्न तर निरुपयोगीच, मुलं भिडेखातर ‘हो’ म्हणतात. चुळबुळ कुठे सुरू होते ते टिपा, मग गोष्ट त्यांनाच सांगायला लावा.

स्वखर्चाने बालपुस्तक काढण्याची वाट जुनीच आहे. लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटरने पीटर रॅबिट या सशाची गोष्ट १८९३ मध्ये एका आजारी मुलाला सचित्र पत्रातून सांगितली होती. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये तिने स्वतः २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी ते पुस्तक लंडनच्या प्रकाशकाने काढलं.

मराठीत एक जादा तपासणी हवी. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं बिघडू शकतात. शेवटचं प्रूफ स्क्रीनवर नको, कागदावरच तपासा.